उन्हात तपासलेले पेपर

रविवारी सकाळी मी शेवटचे चाळीस पेपर तिसऱ्यांदा मोजले आणि तिसऱ्यांदाही ते एकोणचाळीसच भरले.

कॉटवर मी त्यांचे चार गठ्ठे लावले होते. दहा, दहा, दहा आणि नऊ. विद्यापीठाच्या यादीवर पेन्सिलीनं खुणा करत गेले, तेव्हा २९१६ हा नंबर तेवढा खुणेवाचून राहिला. गादी उचलली, कॉट सरकवली, ट्रंकेतले कपडे बाहेर काढले, शबनम पिशवी उलटी करून झटकली. शबनममधून दोन शेंगदाणे आणि एक केसांची पिन पडली.

"अहो, चहा निवतोय," दारातून सुमतीकाकू म्हणाल्या. त्या माझ्या घरमालकीण. "काय शोधताय एवढं?"

"पेन, काकू."

"ते काय, अंबाड्यात खोचलंय."

मी हसले. मी चहा तसाच ठेवला आणि चपला घालून बाहेर पडले.

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशीच्या डिसेंबरातली. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. तेव्हा परीक्षकांना उत्तरपत्रिका घरी येत. कापडात शिवलेला, लाखेचे शिक्के मारलेला गठ्ठा पोस्टानं यायचा, तो आपण तपासायचा, गुणांची यादी रजिस्टरनं रवाना करायची. दोनशे चाळीस पेपर, दुसऱ्या वर्षाचा इतिहास, आणि मी पहिल्यांदाच परीक्षक झालेली. आमचे विभागप्रमुख तेंडोलकर सर. त्यांनीच माझं नाव सुचवलं होतं. गठ्ठा आला त्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बसवून एकच गोष्ट बजावली होती, "पेपर घराबाहेर न्यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर सुद्धा नाही."

पाळलं मी ते. पहिल्या दोनशे पेपरांपुरतं.

माझी खोली उत्तरेकडे तोंड करून होती. तिथं सकाळी दहालाही पाय गार पडायचे, आणि बाहेर अख्खं गाव उन्हात बसलेलं. त्या गावातलं हिवाळ्याचं ऊन मी दुसरीकडे कुठंच अनुभवलं नाही. नऊ वाजता ते कॉलेजच्या दगडी कमानीवर यायचं, दहाला ग्रंथालयाच्या ओट्यावर, अकराला जिमखान्याच्या पायऱ्यांवर, आणि त्याच्या मागून आम्ही सगळे. सगळं पायी दहा मिनिटांवर. बेकरी, पोस्ट, ग्रंथालय, नदीचा घाट. मी बार्शीची. तिथं संध्याकाळी सातनंतर बाहेर दिसले तर दादाचा आवाज चढायचा. इथं मी एकटी चालायचे, वाटेत थांबायचे, बेकरीतली गरम खारी रस्त्यातच खायचे, आणि "बाई, आज लवकर?" यापलीकडे कुणी काही विचारायचं नाही. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणाला सांगून निघावं लागत नव्हतं.

मी प्रोबेशनवर होते. जानेवारीत कायम होण्याचा निर्णय होता. दादाचं पत्र आलेलं होतं. नोकरी कायम झाली तर मी बोलणार नाही, नाही झाली तर सरळ घरी ये, सोलापूरचं स्थळ थांबलेलं आहे. दादा वाईट नव्हता. पण ते पत्र मी खिडकीशी उभी राहून वाचलं, तेव्हा खालच्या रस्त्यानं मुली हसत चालल्या होत्या आणि मला रडू फुटलं होतं.

तर शेवटचे चाळीस राहिले तेव्हापासून मी दहा-दहा पेपर शबनममध्ये घालून बाहेर पडू लागले. एक गठ्ठा ग्रंथालयाच्या ओट्यावर तपासला, एक घाटावर, बाकीचे जिमखान्याच्या पायऱ्यांवर. काय सांगू, तपासण्यासारख्या रुक्ष कामाचंही मला सुख वाटू लागलं होतं.

आणि शनिवारी, शेवटच्या दहांपैकी काही तपासून झाल्यावर, त्या पायऱ्यांवर माझा डोळा लागला होता.

रविवारी मी आदल्या दिवशीच्या माझ्याच पावलांनी फिरले. आधी बेकरी. "नाही बाई, इथं काही राहिलं नाही." मग पोस्ट, ते बंद. ग्रंथालयाचा ओटा झाडून ठेवलेला. वाटेत चार जण भेटले. प्रत्येकानं थांबवलं, प्रत्येकाला दोन शब्द बोलायचे होते, कारण त्या गावात घाईनं कुणी चालतच नसे. भूगोलाच्या बाईंनी तर मला कोपराला धरून त्यांच्या शेवंत्या दाखवल्या. मी शेवंत्यांकडे बघत "वा, वा" म्हणत होते आणि मला घाम फुटला होता. काल ज्या रस्त्यावर जीव रमत होता, तो आज संपता संपत नव्हता.

जिमखान्याच्या पायऱ्या रिकाम्या होत्या. मी प्रत्येक पायरी पाहिली, मागची गटार पाहिली, मेंदीच्या कुंपणात हात घालून पाहिलं. शेजारी कमळाआक्कांची चहाची टपरी. टपरीला फळी लावून कुलूप.

"आक्का कुठं गेल्या?" मी पलीकडच्या सायकलवाल्याला विचारलं.

"लेकीकडं. डोहाळजेवान हाय तिचं. उद्या सांजच्याला येतील म्हनल्या, न्हाईतर परवा सकाळी."

"त्यांना काल इथं एखादी वही... कागद वगैरे सापडला होता का?"

"ते काय म्या बघितलं न्हाई, बाई. वारं मात्र लई सुटलं हुतं काल दुपारी."

मी घाटापर्यंत गेले. पाण्यात कुठं पांढरं दिसतं का ते बघितलं. शेवटी तिथून थेट तेंडोलकर सरांच्या घरी.

सर अंगणात खुर्ची टाकून, पाठ उन्हाला देऊन दाढी करत होते. आरसा त्यांनी तुळशीच्या कट्ट्यावर टेकवला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाहेर नेत होते तेही, आणि झोप लागली तेही. सरांनी अर्धी दाढी तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"रेडेकर," ते म्हणाले, "बसा आधी."

मी बसले.

"आणखी कुणाला बोललात?"

"नाही सर."

"बोलू नका. यादी उद्या रजिस्टरला पडायलाच हवी. एक दिवस उशीर झाला तर नोटीस येते, आणि ती प्राचार्यांच्या नावानं येते. पेपर हरवला असं कळवलंत तर काय होईल, सांगतो. चौकशी. परीक्षक म्हणून कायमचं नाव कापतील. प्रोबेशनवरच्या माणसावर चौकशी बसली की आमची संस्था काय करते हे तुम्हाला माहीत आहे."

"मग गैरहजर लिहू?"

"छे! पर्यवेक्षकाच्या तक्त्यावर त्याची सही असते. गैरहजर लिहिलंत की तो आरडाओरडा करत येणार. नापास केलंत तरी येणार." सरांनी ब्रश पाण्यात बुडवला. "पास झालेला माणूस कधी काही विचारत नाही. सत्तेचाळीस द्या."

"सत्तेचाळीस?"

"डोळ्यात न भरणारा आकडा आहे. आपल्या इतिहासाच्या निम्म्या मुलांना तेवढेच पडतात. चाळीस दिलेत तर ढकलून पास केल्यासारखं दिसतं. साठ दिलेत तर मॉडरेटर बघायला मागवतो. सत्तेचाळीस कोण बघतो?"

जे मला सकाळपासून टोचत होतं ते मी बोलले. "सर, मला वाटतं त्या पेपरातला पहिला प्रश्न मी तपासला होता. एका पेपरात पहिल्याला सोळा दिल्याचं आठवतंय. बाकीच्या एकोणचाळिसांत सोळा कुठंच नाहीत."

"वाटतं ना?"

"हो."

"उन्हात डोळा लागलेल्या माणसाला बरंच काय काय वाटतं." सर हसले. ते खरंच भले गृहस्थ होते. त्यांना माझी काळजी होती. "अहो, त्याचं नुकसान कुठं होतंय? तो पास होतोय. उलट नापास व्हायचा असेल तर बिचाऱ्याची दिवाळीच. जा, जेवा. चेहरा बघा काय झालाय."

सोमवारी सकाळपासून मी यादी घेऊन बसले. दोनशे एकोणचाळीस नंबरांपुढे गुण लिहिले. २९१६ च्या पुढची जागा मोकळी ठेवली. दोनदा जिमखान्यापर्यंत जाऊन आले. टपरीला कुलूपच होतं. दुपारी अडीच वाजता मी पोस्टाच्या बाकावर बसले होते. रजिस्टर तीनला बंद व्हायचं. यादी मांडीवर, पेन हातात, आणि डोळे समोरच्या रस्त्यावर. एस.टी.तून उतरलेली माणसं त्याच रस्त्यानं गावात यायची. आक्कांसारखी लाल नऊवारी दिसली की माझा जीव वर यायचा, आणि जवळ आली की ती दुसरीच कुणी बाई निघायची.

तीनला दहा मिनिटं कमी असताना पोस्टातले कारकून म्हणाले, "बाई, देताय ना? मी थैली बांधतोय."

मला तेव्हा उठून जाता आलं असतं. एक नोटीस आली असती. फार तर फार एक दिवसाचा उशीर. हे मी नंतर शेकडो वेळा मनात घोळवलं. पण त्या क्षणी मला दादाचं पत्र दिसत होतं, आणि बार्शीच्या घराचा बंद दरवाजा. मी ४७ लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि खिडकीतून आत सरकवलं. पावती घेतली. बाहेर आले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

मंगळवारी सकाळी जिमखान्यासमोरून कॉलेजला निघाले होते.

"बाई! आवो बाई, थांबा की!"

कमळाआक्का टपरीतून हात हलवत होत्या. मी थांबले. त्यांनी आधी पदराला हात पुसले, मग वर टांगलेल्या गणपतीच्या तसबिरीमागे हात घालून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"शनवारी तुमचा डोळा लागला हुता. वाऱ्यानं ही वही पार कुंपनापातुर गेली. म्या उचलली तवर तुम्ही निघून गेलता. हाका मारल्या, पर तुम्ही कुठलं ऐकताय. कालेजचा कागुद, पाय लागाय नको, म्हनून देवाजवळ ठेवली बघा. पिशवी धुऊन वाळवून घेतली हुती, डाग न्हाई पडायचा."

मी पिशवी उघडली. २९१६. कोपरा किंचित दुमडलेला, बाकी पेपर जसाच्या तसा. पहिल्या उत्तराच्या समासात माझ्या लाल शाईत सोळा.

"तुमचीच न्हवं?"

"माझीच, आक्का."

"मग बसा की. च्या टाकते."

मी पायरीवर बसले. पाठीवर ऊन होतं. पहिला तास बाराला होता. मी पेपर वाचायला लागले.

दोनशे एकोणचाळीस पेपरांत मी एकच गाइड दोनशे एकोणचाळीस वेळा वाचलं होतं. रेल्वेचे परिणाम म्हटलं की सगळ्यांचे तेच सहा मुद्दे, त्याच क्रमानं, त्याच चुकांसह. या पेपरात ते सहा मुद्दे त्या उत्तराच्या पहिल्या पानावरच संपले होते. मग लिहिलं होतं, 'आमच्या गावाचा बाजार पूर्वी ओढ्याकाठी गुरुवारी भरत असे. स्टेशन दोन कोसांवर झाले, तेव्हा बाजार स्टेशनाकडे गेला आणि मंगळवारचा झाला. कारण मंगळवारी मालगाडी थांबे. आमच्या गावात अजून गुरुवारी ओढ्याकाठी कोणी शेत नांगरत नाही. का, ते विचारले तर कोणाला सांगता येत नाही.' पुढे दोन पुरवण्या होत्या. बाजार गेला तेव्हा कोणत्या घरांचा धंदा गेला आणि कोण स्टेशनवर हमाल झालं, सगळं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेलं. शुद्धलेखन यथातथा. अक्षर मोठं, ठाम. मुलगा की मुलगी, मला आजही माहीत नाही.

मला आनंद झाला, हे आधी सांगायला हवं. शिकवायला लागल्यापासून मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं. मी मनातल्या मनात गुण देत गेले. सोळा, पंधरा, चौदा, पंधरा, तेरा. त्र्याहत्तर. माझ्या गठ्ठ्यात सर्वांत जास्त चौसष्ट होते.

मग यादी आठवली.

"सापडला की काय?"

मान वर केली. तेंडोलकर सर. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली. त्या गावात कुणीही कुठूनही पायी येऊन तुमच्यासमोर उभं राहू शकायचं.

"हो सर. आक्कांकडे होता."

"बघा! उगाच जिवाला घोर. किती निघतायत?"

इथं माझ्या तोंडून त्र्याहत्तर निघायला हवं होतं. सर चिडले असते, मग खाली बसले असते, मग आम्ही दोघांनी मिळून विद्यापीठाला पत्र लिहिलं असतं. यादी उतरवताना आकडा चुकला म्हणून. समितीपुढं जावं लागलं असतं. सव्वीस गुणांचा फरक कसा पडला, असं त्यांनी विचारलं असतं. मला खोटं बोलणं जमलं नसतं. किंवा कदाचित नुसती समज देऊन सोडलंही असतं. हे मला कधीच कळणार नाही, कारण मी म्हणाले, "अठ्ठेचाळीस-पन्नास, सर."

"म्हणालो नव्हतो?" सरांचा चेहरा खुलला. "तीस वर्षं झाली हो. न बघता अंदाज येतो. आता सत्तेचाळिसाला बसवा आणि गठ्ठ्यात घाला. मॉडरेटरनं नमुन्याला मागवला तर आकडे जुळायला हवेत." आणि मेथी सावरत ते निघून गेले.

जानेवारीत मी कायम झाले. चौतीस वर्षं त्याच गावात शिकवलं, त्याच रस्त्यांनी चालले, लग्न केलं ते माझ्या पसंतीनं आणि त्याच गावात. निरोपसमारंभात माझ्या काटेकोर पेपर-तपासणीचं भाषणात कौतुक झालं. २९१६ नं फेरतपासणीसाठी अर्ज केला नाही. पास झालेलं कुणी करत नाही. आपल्याला जेवढी अक्कल आहे तेवढेच गुण पडले, असं त्या मुलानं किंवा मुलीनं मानलं असणार. पुढं शिकायचं सोडलंही असेल.

त्या मंगळवारी मी लाल पेन उघडलं. दुसऱ्या प्रश्नाला नऊ दिले. तिसऱ्याला नऊ, चौथ्याला दहा, पाचव्याला नऊ. चौथा प्रश्न रेल्वेचा. परीक्षकानं एवढे कमी गुण दिले की समासात कारण लिहायची पद्धत होती. ओढ्याकाठच्या बाजाराशेजारी मी लिहिलं, 'विषयांतर'. पुरवण्यांवर दोन ठिकाणी लिहिलं, 'मुद्देसूद लेखनाचा अभाव'. अक्षर बिघडलं नाही.

राहिले पहिल्या प्रश्नाचे सोळा. ते खोडून दहा करायचे होते. खाडाखोड केली की तिच्याशेजारी परीक्षकाची पूर्ण सही लागते. मी सोळावर आडवी रेघ मारली, दहा लिहिले, आणि शेजारी पूर्ण सही केली. शै. बा. रेडेकर.

आक्का चहाचा कप घेऊन आल्या. वहीकडे बघून त्यांनी विचारलं, "कुना पोराची हाय वो? वेळेत मिळाली न्हवं? न्हाईतर माझ्यापायी त्याचं वरीस गेलं म्हनून शनवारपासनं जिवाला लागून ऱ्हायलं हुतं."

"मिळाली वेळेत."

"पास झालं का लेकरू?"

"पास झालं, आक्का."

"माझी माय!" आक्कांनी तिथूनच गणपतीला हात जोडले. मग केटली उचलून माझ्या भरलेल्या कपात आणखी थोडा चहा ओतला, बशीत सांडेपर्यंत, आणि मी तो सगळा प्यायले.